संस्थेची वेबसाइट नेमकी कुणाच्या नावावर आहे?

२०२५ मध्ये आपल्या बँकांच्या वेबसाइटचे पत्ते बदलले. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर यायला सांगितले होते. हे पत्ते देण्याचे काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे आहे. कारण सरळ आहे. खऱ्या बँकेसारखाच दिसणारा पत्ता घेऊन लोकांना लुबाडणे फार सोपे झाले होते. बँकांना हे उमगले. आपल्या शाळा, जमात, ट्रस्ट आणि शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थांचे काय?

आधी चार शब्द समजून घेऊ. इंटरनेटवर प्रत्येक सर्व्हरला एक क्रमांक असतो, तो आयपी अ‍ॅड्रेस. क्रमांक लक्षात राहत नाहीत म्हणून नाव घेतात, ते डोमेन. नावावरून क्रमांक शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. आणि वेबसाइटच्या फायली जिथे ठेवतात ती भाड्याची जागा म्हणजे होस्टिंग. डोमेन आणि होस्टिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अनेकदा दोन वेगळ्या कंपन्यांकडे. एकाचे पैसे भरले म्हणजे दुसऱ्याचे भरले गेले असे नाही. शिवाय डोमेन कायमचे विकत मिळत नाही, ते ठरावीक मुदतीसाठीच मिळते.

घोळ इथेच होतो. ओळखीतला एखादा होतकरू मुलगा स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या कार्डाने वेबसाइट बनवून देतो. पुढे तो नोकरीसाठी दुबईला जातो, नंबर बदलतो. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या मेलवर येत राहतात आणि ओटीपी बंद पडलेल्या नंबरवर जातो. ट्रस्टींना कळते ते वेबसाइट बंद पडल्यावर. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीलाही एका डोमेनची फी भरायचे राहून गेले होते. हॉटमेलच्या ग्राहकांना त्रास झाला आणि शेवटी एका त्रयस्थ प्रोग्रामरने ३५ डॉलर भरले.

'डॉट कॉम'ची मुदत संपली की कंपनीनुसार जास्तीत जास्त ४५ दिवस सवलत मिळते. मग ३० दिवस जादा शुल्क भरून नाव सोडवता येते. त्यानंतर ५ दिवसांनी ते कुणीही घेऊ शकतो. नवा मालक जुन्यासारखेच पान उभे करू शकतो. पावत्यांवर, बॅनरवर छापलेला आपला पत्ता मग त्याच्याकडे नेतो. रमजानमध्ये देणगी देणाऱ्याला फरक कसा कळणार? पत्त्याशेजारचे कुलूप पाहून विश्वास ठेवू नका. ते प्रमाणपत्र मोफत आणि काही मिनिटांत मिळते. मधल्या वाटेत माहिती कुणी वाचत नाही एवढेच ते सांगते, समोरचा प्रामाणिक आहे असे नाही. त्याहून मोठा धोका म्हणजे, त्या डोमेनवरच्या ईमेलला येणारी पत्रेही नव्या मालकाला मिळू शकतात.

उपाय महागडे नाहीत. डोमेन आणि होस्टिंग दोन्हींची नोंद आणि बिल संस्थेच्या नावावर करून घ्या. खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका, कारण डोमेन गेले तर मेलही जातो. टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा आणि त्याचे रिकव्हरी कोड किमान दोन जबाबदार व्यक्तींकडे असू द्या. पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा नाही. काम करणाऱ्या मुलाला शक्यतो वेगळे लॉगिन द्या आणि काम संपले की ते बंद करा. 'ऑटो रिन्यू' सुरू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप पैसे कापण्याचे नियम कडक झाले आहेत, त्यामुळे विशेषतः परदेशी कंपन्यांचे पेमेंट अडकू शकते. 'डॉट कॉम' एकदम १० वर्षांपर्यंत घेता येते. आणि दर महिन्याला वेबसाइटची एक प्रत दुसरीकडे उतरवून ठेवा.

वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जातो, इमारतीचे कागद कुणाकडे आहेत हे विचारले जाते. यंदा आणखी एक प्रश्न विचारा: आपल्या डोमेनची मुदत कधी संपते आणि त्याचे लॉगिन कुणाकडे आहे? पदाधिकाऱ्यांना तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही, तर त्याच आठवड्यात ते शोधायला लावा.