जामीन झाला, पण बाळाने झोपायचं कुठे?

"सर, बाळाचे वडील आलेत. आत सोडू का?"

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. वॉर्डातल्या सिस्टरचा फोन होता. बाळ पाच महिन्यांचं. मांडीचं हाड मोडलेलं, दोन्ही पाय वर बांधून वजनं लावलेली. छातीच्या एक्स-रेमध्ये दोन बरगड्यांवर जुन्या, भरत आलेल्या मोडीच्या खुणा. दुपारी पोलिसांनी वडिलांवर गुन्हा नोंदवला, संध्याकाळी त्यांचा जामीन झाला आणि रात्री ते शहाळं घेऊन वॉर्डाच्या दारात उभे होते. त्यांना अडवायला माझ्याकडे एकही कागद नव्हता. "भेटीची वेळ संपली आहे, असं सांगा," एवढंच मी म्हणालो. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

वाचताना तुम्हाला पोलिसांचा राग आला असेल. मलाही आला होता. नंतर एका वकील मित्राने समजावलं की पोलिसांनी कायद्याप्रमाणेच केलं. खरी गोम कायद्यातच आहे, म्हणून आज आजार सोडून जामिनावर लिहितो आहे.

हाड मोडलं तरी 'जामीनपात्र'

भारतीय न्याय संहितेत हाड मोडणं ही 'गंभीर दुखापत' आहे. कलम ११७(२) खाली त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण हा गुन्हा जामीनपात्र आहे. जामीनपात्र म्हणजे काय? आरोपी हमी द्यायला तयार असेल तर जामीन हा त्याचा हक्क. तो पोलीस ठाण्यातच मिळू शकतो आणि नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली रसिकलाल विरुद्ध किशोर या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे.

याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. अजामीनपात्र गुन्ह्यात न्यायाधीश जामीन देताना अटी घालू शकतात: इथे राहू नका, अमक्याला भेटू नका. जामीनपात्र गुन्ह्यात हमीपलीकडे अशा अटी घालायला जागाच नाही. म्हणजे "बाळापासून लांब राहा" असं सांगणारं त्या संध्याकाळी कोणीच नव्हतं.

दोन तरुण चौकात भांडले आणि एकाचा हात मोडला, तर हा नियम ठीक आहे. दोघं आपापल्या घरी जातील. पण इथे दोघांचं घर एकच आहे. त्यातला एक जण पाच महिन्यांचा आहे. तो पळू शकत नाही, शेजाऱ्याचं दार वाजवू शकत नाही, फोन करू शकत नाही. कायद्याने दोन्ही भांडणं एकाच मापाने मोजली.

बारा वर्षांखालच्या मुलाला आईवडिलांनी टाकून देण्याचा गुन्हा (कलम ९३) सुद्धा जामीनपात्रच आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ मध्ये मुलावरच्या क्रौर्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण ते कलम लावायला कोणाला तरी आठवावं लागतं.

दुसरी जखम पहिलीपेक्षा मोठी असते

"पण ते पुन्हा मारतीलच कशावरून?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर वैद्यकशास्त्राकडे आहे.

जे बाळ अजून रांगत नाही, त्याच्या अंगावर सहसा काळं-निळं पडत नाही. चार वर्षांखालच्या मुलाच्या कानावर, मानेवर किंवा पोटा-पाठीवर वळ दिसला तर डॉक्टरने थांबून विचार केलाच पाहिजे, कारण खेळताना पडलेलं मूल कपाळ आणि गुडघे फोडून घेतं, कान नाही. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मारहाण झाल्याचं निश्चित ठरलेल्या २०० तान्ह्या बाळांपैकी ५५ जणांना आधी एखादी छोटी, दुर्लक्षित जखम झालेली होती. ज्यांना मारहाण झाली नव्हती, त्या गटात अशी जखम एकालाही नव्हती.

म्हणजे छोटी जखम ही धोक्याची घंटा असते. पहिली जखम आणि दुसरी जखम यांच्या मधला काळच सगळ्यात धोक्याचा, आणि नेमक्या त्याच काळात जामिनाचा निर्णय होतो.

मोठ्यांसाठी जाग आली, बाळासाठी नाही

न्यायव्यवस्थेला हे समजतच नाही, असं मात्र नाही. २०२० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने विनयभंगाच्या एका आरोपीला जामीन देताना फिर्यादी स्त्रीकडून राखी बांधून घेण्याची अट घातली होती. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अशा खटल्यांत जामिनाची अट आरोपी आणि पीडितेचा संपर्क घडवणारी नसावी, जामीन होताच तिला कळवावं आणि आदेशाची प्रत दोन दिवसांत द्यावी, असं सांगितलं. बालिकांवरच्या बलात्काराच्या खटल्यांत जामिनाच्या सुनावणीला फिर्यादीची उपस्थिती कायद्यानेच बंधनकारक आहे.

मग ज्या बाळाची बरगडी मोडली, त्याच्या बाजूने जामिनाच्या वेळी कोण बोलतं? फिर्यादी बहुधा आईच असते, आणि तीच आरोपीच्या घरात, त्याच्या पगारावर राहते. माझ्या रुग्णाच्या आईने मला एकच प्रश्न विचारला होता: "हे आता घरीच राहणार ना, डॉक्टर?" त्या प्रश्नात आशा होती की भीती, हे मला आजही ठरवता येत नाही.

तुरुंग हा उपचार नाही

"अशांना जामीनच देऊ नका" ही मागणी मी करत नाही. आपल्या देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. मोडलेलं प्रत्येक हाड मारहाणीचं नसतं, हेही मी डॉक्टर म्हणून सांगतो. काही मुलांची हाडं जन्मतःच ठिसूळ असतात, काहींना मुडदूस असतो, काहींचं रक्त नीट गोठत नाही. पाठीवरचे जन्मजात निळे डाग पाहूनही गैरसमज होतो. मेळघाटात पोटफुगीवर 'डंबा' म्हणून बाळाच्या पोटाला तापलेल्या लोखंडाचे चटके देतात. तिथले आईबाप क्रूर नसतात, घाबरलेले असतात. त्यांना कोठडीत टाकून बाळाला अंगावरचं दूध तोडणं हा दुसरा अत्याचार ठरेल.

माझं म्हणणं एवढंच आहे: आरोपी सुटेल का, आणि बाळ आज रात्री कुठे झोपेल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपली व्यवस्था पहिल्याचं उत्तर देते आणि दुसरा विचारतच नाही.

मग काय हवं?

एक, मूल बारा वर्षांखालचं असेल आणि आरोपी त्याच घरात राहत असेल, तर गुन्हा जामीनपात्र असला तरी 'वेगळं राहा, मुलाला एकट्याने भेटू नका' ही अट घालण्याचा अधिकार कायद्याने द्यावा. फौजदारी प्रक्रिया हा समवर्ती सूचीतला विषय आहे, म्हणजे महाराष्ट्राची विधानसभाही राष्ट्रपतींच्या संमतीने ही दुरुस्ती करू शकते. नवरा-बायकोच्या भांडणात खोटी तक्रार होऊ शकते, हे मान्य. म्हणून अट महिन्याभराची असावी आणि हाडांच्या व रक्ताच्या तपासण्या आल्यावर तिचा फेरविचार व्हावा. निर्दोष बापाला महिनाभर भावाकडे राहावं लागणं हे दुःख आहे, पण ते भरून निघतं. मेंदूतला रक्तस्राव भरून निघेलच असं नाही.

दोन, जामिनाचा कागद देण्याआधी पोलिसांनी बालकल्याण समितीला कळवलंच पाहिजे. इजा करणाऱ्याबरोबर राहणारं मूल हे कायद्याने 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं' मूल आहे. त्याला २४ तासांत समितीपुढे हजर करायचं असतं. डॉक्टर, नर्स किंवा रुग्णालयही ते करू शकतं. १०९८ वर कोणीही फोन करू शकतं. आईला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नवऱ्याला घराबाहेर ठेवण्याचा आदेशही मागता येतो. हे सगळे रस्ते आजही खुले आहेत, पण जामिनाची फाईल आणि बाळाची फाईल एकमेकींना भेटत नाहीत.

तीन, आपण डॉक्टर. प्रमाणपत्रावर "पडल्याने दुखापत, साधी" असं लिहून आपण मोकळे होतो. तो कागद पुढे ठाण्यात आणि न्यायालयात बोलतो. 'मारहाण झाली' असा निवाडा देणं आपलं काम नाही. पण "या वयाच्या बाळाला स्वतःच्या हालचालीने अशी इजा होणं संभवत नाही, सांगितलेलं कारण जखमेशी जुळत नाही" हे एक वाक्य लिहिणं आपलंच काम आहे.

हे मी वरच्या पायरीवर उभा राहून सांगत नाही. त्या बाळाला मी तीन आठवडे आधी ओपीडीत पाहिलं होतं. सर्दी होती, आणि डाव्या कानावर एक निळसर डाग होता. "खेळणं लागलं," आई म्हणाली. बाहेर चाळीस पेशंट होते. मी नाकात घालायचे थेंब लिहून दिले. कानाबद्दल केसपेपरवर एक शब्दही लिहिला नाही.

त्या रात्रीनंतर सकाळी आम्ही १०९८ ला फोन केला. समितीने आदेश काढला आणि पाय जुळल्यावर बाळ आजीकडे गेलं. वडील जामिनावरच राहिले, कामावरही जात राहिले. त्यांचा खटला चालेल तेव्हा चालेल. आजी दर महिन्याला बाळाला तपासायला आणते. आता मी आधी त्याचे कान पाहतो, आणि जे दिसतं ते लिहून ठेवतो.