एका अक्षराची चूक

आपल्या भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. येथील धान, येथील पितळी भांडीं व वैनगंगा ह्यांवर निबंध लिहावयास सांगितला, तर आपला कोणताही विद्यार्थी दोन पानें सहज लिहील. परंतु ह्याच जिल्ह्यांतील अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलें एक लहानसें जनुक आहे. त्याविषयीं चार ओळी लिहा असें म्हटलें, तर विद्यार्थीच काय, आम्ही शिक्षकही लेखणी खालीं ठेवूं. जगांतील विद्वानांनीं ज्याचा कसून अभ्यास केला, तें ज्यांच्या रक्तांत आहे त्यांच्यापर्यंत पोहोंचलेंच नाहीं, ही गोष्ट लाजिरवाणी आहे. त्या लाजेंत माझाही वांटा आहे, म्हणून हा लेख.

कांहीं वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका शाळेंत असतांना माझ्या वर्गांत एक मुलगा होता. बुद्धि चांगली, परंतु महिन्यांतून चार-पांच दिवस गैरहजर. कधीं हात दुखतात म्हणे, कधीं पाय. त्याचे डोळे पिवळसर दिसत, पण तिकडे मीं लक्ष दिलें नाहीं. पौषांतल्या एका थंड सकाळीं कवायतीच्या वेळीं तो मैदानावर खालीं बसला. हें सोंग आहे असें समजून मीं त्याला मैदानाच्या दोन फेऱ्या धांवावयास लाविलें. त्याच रात्रीं त्याला रुग्णालयांत न्यावें लागलें. रक्त तपासल्यावर 'सिकलसेल' निघाला. मुलगा वांचला, परंतु पुन्हा शाळेंत आला नाहीं. मी घरीं भेटावयास गेलों, तेव्हां त्याची आई एवढेंच म्हणाली, "गुरुजी, पोरगा लबाडी नव्हता करत जी." ह्या वाक्याला तेव्हां माझ्याजवळ उत्तर नव्हतें, आजही नाहीं.

हा रोग आहे तरी काय? आपल्या तांबड्या रक्तपेशींत हिमोग्लोबिन नांवाचें प्रथिन प्राणवायु वाहून नेतें. त्याच्या चार सांखळ्या असतात, दोन आल्फा व दोन बीटा. बीटा सांखळी १४६ अमिनो आम्लांची असून ती कशी गुंफावी हें अकराव्या गुणसूत्रावरील एक जनुक सांगतें. त्या जनुकाच्या लिपींत एकच अक्षर बदलतें, आणि सहाव्या ठिकाणीं ग्लुटामिक आम्लाच्या जागीं व्हॅलीन येऊन बसतें. श्रुतलेखनांत एका वेलांटीनें 'दिन' चा 'दीन' व्हावा, तसा हा प्रकार. असें हिमोग्लोबिन प्राणवायु सोडतांच एकमेकांस चिकटतें. वाटोळी मऊ पेशी विळ्यासारखी वांकडी व ताठर होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि अडकते तेथें असह्य वेदना होतात. निरोगी पेशी सुमारें १२० दिवस जगते. ही १० ते २० दिवसांतच नष्ट होते. म्हणून अंगांत रक्त कमी व डोळ्यांत पिवळेपणा. थंडी, ताप, तहान व अतिश्रम ह्यांनीं दुखणें उफाळतें. त्या सकाळीं मीं काय केलें, हें आतां वाचकांस निराळें सांगावयास नको.

सन १९१० मध्यें शिकागोचे डॉ. हेरिक ह्यांनीं ह्या विळ्यासारख्या पेशींचें वर्णन प्रसिद्ध केलें. सन १९४९ मध्यें लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी ह्यांनीं दोष हिमोग्लोबिनच्या रेणूंतच आहे असें दाखविलें, आणि सन १९५७ मध्यें इन्ग्रॅम ह्यांनीं तें बदललेलें अमिनो आम्ल नेमकें हुडकून काढलें. लगेच पुढच्या वर्षीं नागपूरच्या शुक्ल व सोळंकी ह्या डॉक्टरांनीं मध्य भारतांतील सिकलसेलविषयीं 'लॅन्सेट' ह्या नामांकित पत्रांत लेख लिहिला. म्हणजे हें ज्ञान नागपुरास येऊन साठांहून अधिक वर्षें लोटलीं. नागपुराहून भंडारा साठ-पासष्ट किलोमीटर! तेवढी वाट चालून तें आमच्या वर्गांत अद्याप आलेलें नाहीं, हा दोष विद्वानांचा नव्हे.

ज्ञान आलें नाहीं, तेथें दुसरें कांहीं तरी येऊन बसतेंच. कोणी म्हणतो पूर्वजांचें पाप, कोणी म्हणतो करणी, आणि पुष्कळ घरांत सारा दोष सुनेच्या माथीं मारला जातो. हें सर्वस्वी खोटें आहे. हा रोग होण्यास हें जनुक बापाकडून व आईकडून, अशा दोन्ही बाजूंनीं यावें लागतें. एकाच बाजूनें आलें, तर तो मनुष्य केवळ वाहक. तो सर्वसाधारणपणें धडधाकट असतो. इतकेंच नव्हे, तर सन १९५४ मध्यें ॲलिसन ह्यांनीं पूर्व आफ्रिकेंतील निरीक्षणांवरून दाखविलें कीं, वाहकास घातक हिवतापापासून पुष्कळसें संरक्षण मिळतें. जेथें हिवताप पिढ्यान्‌पिढ्या वसला, तेथें हें जनुक टिकलें, त्याचें कारण हेंच. मग ज्या अक्षरानें आपल्या कित्येक पूर्वजांस तारलें, त्याला पाप कसें म्हणावें?

मात्र दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक अपत्याच्या वेळीं तें रुग्ण होण्याचा संभव चारांत एक असतो. येथें लोकांची एक चूक होते. पहिलें मूल रुग्ण झालें म्हणजे पुढचीं तीन निरोगी होतील, असें ते समजतात. तसें नाहीं, फांसा प्रत्येक वेळीं नव्यानें पडतो.

उपचार नाहींत असें नव्हे. हायड्रॉक्सियुरिया नांवाचें औषध कित्येकांचें दुखणें कमी करतें. गर्भांतील बालकाचें हिमोग्लोबिन निराळें असतें व तें विळ्याचा आकार होऊं देत नाहीं. जन्मानंतर तें जवळजवळ बंद पडतें. बंद करणारें मुख्य प्रथिन बीसीएल-११-ए नांवाच्या एका जनुकाचें आहे, हें सन २००८ मध्यें कळलें.  सन २०२३ मध्यें त्यालाच रक्तपेशींपुरतें निष्प्रभ करणाऱ्या उपचारास इंग्लंड व अमेरिका येथें मान्यता मिळाली. मनुष्यांत प्रथिनें घडविणारीं सुमारें वीस हजार जनुकें आहेत, आणि बहुतेकांविषयीं आपणांस फार थोडें ठाऊक आहे. त्यांत कोणाचें औषध दडलें आहे, कोण सांगूं शकेल? परंतु ह्या उपचाराची किंमत कोट्यवधी रुपये. लाखांदूर वा साकोलीच्या शेतमजुरास तो केव्हां लाभेल? रक्ताचे चार थेंब मात्र आज देतां येतात.

सन २०२३ च्या जुलैमध्यें शहडोल येथें राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. सन २०४७ हें त्याचें लक्ष्य आहे. माझें मत असें कीं, प्रत्येक माध्यमिक शाळेनें हा पाठ वर्गांत शिकवावा, आणि पालकांच्या संमतीनें प्रत्येक विद्यार्थ्याची तपासणी करवावी. कोणी म्हणतील, "नांव फुटेल, मुलीचें लग्न अडेल." ही भीति खोटी नाहीं. म्हणूनच निकाल विद्यार्थी व त्याचे पालक ह्यांच्याच हातीं द्यावा. वर्गांत वाचून दाखवूं नये, कीं फळ्यावर लावूं नये. आणि वाहकानें लग्न करूं नये असें शास्त्र मुळींच सांगत नाहीं. दोघांनींही आपलें रक्त आधीं जाणावें, एवढेंच तें सांगतें. लपविल्यानें लग्न जुळेल, परंतु पुढें पाळण्यांतल्या मुलाच्या वेदना कोण लपविणार?

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यांपैकीं कोणी हात-पाय दुखतात म्हणून वर्गांत खालीं बसला, तर त्याला हंसूं नका. पाणी द्या, ऊबेंत न्या आणि शिक्षकांस बोलवा. शिक्षकबंधूंनो, आपण वेलांटीची चूक तांबड्या शाईनें खुणावितों, तो आपला धर्मच आहे. परंतु कांहीं अक्षरें मुलाच्या वहींत नसून त्याच्या रक्तांत असतात. तीं वाचावयास शिकेपर्यंत आपण कोणास लबाड म्हणूं नये.