कोपऱ्यावरचा इराणी

"घरात फराळाचे चार डबे भरलेत आणि तुम्हांला लिहायला विषय सुचला तो हॉटेलचा!" सौभाग्यवतींनी माझ्या खांद्यावरून कागदाकडे पाहिले आणि चकल्यांची बशी टेबलावर जरा जोरातच ठेवली. चकली मोडली नाही, यावरून ती कितपत खुसखुशीत झाली असावी याचा अंदाज मी मनातल्या मनात केला. पण दिवाळीच्या दिवसांत सत्य बोलण्याचे धाडस मी करीत नाही.

वाचकहो, एरवी या पानावर आपली भेट होते ती उभ्या उभ्या. दिवाळीच्या अंकात संपादकमहाशय पाट मांडून बसायला सांगतात. तेव्हा आज जरा ऐसपैस बोलू.

'हॉटेल' हा शब्द इंग्रजीतून आपण घेतला खरा, पण घेताना त्याचा संसार बदलून टाकला. इंग्रजाच्या हॉटेलात माणूस रात्री मुक्कामाला जातो. आपल्या हॉटेलात तो चहा प्यायला जातो आणि मुक्काम केल्यासारखा बसतो. मराठी नावांची तर गंमतच आहे. तळलेले वडे जिथे मिळतात त्याला आपण 'आरोग्यभुवन' म्हटले, 'हेल्थ होम' म्हटले. आमच्यासारखे मराठीचे मास्तर मात्र पाटीवरच अडतात. 'उपाहार' म्हणजे हलके खाणे, 'उपहार' म्हणजे भेटवस्तू. निम्म्या पाट्यांवर 'उपहारगृह' लिहिलेले असते, आणि बिल आल्यावर कळते की भेट वगैरे काही नव्हती!

माझे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले. चाळीच्या दारातून बाहेर पडून शंभर पावले चालले की जगातली चार स्वयंपाकघरे लागत. डाव्या हाताला वडे-मिसळीचे मराठी उपाहारगृह, समोर उडप्याचे हॉटेल, मागच्या गल्लीत मासळीचा वास दरवळणारी कोकणी खानावळ, आणि आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर, दोन रस्ते मिळतात तिथे, कोपऱ्यावरचा इराणी.

इराणी कोपऱ्यावरच का, याचे उत्तर आमच्या चाळीत प्रत्येकाला ठाऊक होते. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून हिंदू दुकानदार ती घेत नसत, आणि यझ्द-केरमानकडून पोट भरायला मुंबईत आलेल्या या मंडळींना ती स्वस्तात मिळे, असे सांगतात. अशुभ जागेत शुभ असे घडले ते एवढेच की तिला दोन्ही रस्त्यांना दारे होती. कोणीही कुठूनही आत यावे. संगमरवरी फरशीची टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, गल्ल्याजवळ काचेच्या बरण्यांत खारी आणि नानकटाई, आणि जागोजागी सूचना. इथे मोठ्याने बोलू नये, केस विंचरू नयेत, फार वेळ बसू नये. अशा सूचनांचे वाङ्मयीन मूल्यही काही कमी नाही. धोबीतलावच्या 'बास्तानी'तल्या सूचनांवरून निसिम एझिकेल यांनी इंग्रजीत एक कविताच केली. ते 'बास्तानी' आता नाही. त्याच्याजवळचे १९०४ सालचे 'कयानी' मात्र कडक ब्रून आणि मस्का अजून देते.

आमचे आजोबा रत्नागिरीकडून आलेले, संध्या-सोवळे पाळणारे. त्यांनी इराण्याचे दुकान म्हणजे चाळीला लागलेले गालबोट ठरवून टाकले होते. त्यांच्या मनाची घडण समजावी म्हणून मी वर्गात पंचहौदाची गोष्ट सांगतो. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे प्रभृती मंडळींपुढे चहा ठेवला गेला, आणि त्या पेल्यांनी असे वादळ उठवले की ग्रामण्य होऊन प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. पोरे हसतात. एका कपासाठी एवढे! मी त्यांना म्हणतो, भांडण चहाचे नव्हते. कोण कोणाबरोबर बसतो, याचे होते. ते भांडण पुढे सभा-संमेलनांत कितपत मिटले हे इतिहासकारांनी सांगावे. आमच्या कोपऱ्यावर मात्र एका टेबलाशी चौघे अनोळखी बसत, आणि समोरचा कोण, हे विचारण्याआधी त्याच्याकडून साखर मागून घ्यावी लागे.

मी दहावी पास झालो त्या दिवशी वडील मला पहिल्यांदा इराण्याकडे घेऊन गेले. ऑम्लेट-पाव मागवला. आमच्या टेबलावर एक टॅक्सीवाला आणि एक वकील बसले होते. वकिलाने माझे मार्क विचारले, टॅक्सीवाल्याने माझी पाठ थोपटली. जिना चढताना वडील हळूच म्हणाले, "आजोबांना सांगू नकोस हं." रात्री आजोबांनी मला जवळ बोलावले, इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "काय रे, पाव अजून पहिल्यासारखा कडक असतो का?"

त्या प्रश्नातला 'पहिल्यासारखा' हा शब्द मी आजवर जपून ठेवला आहे. सोवळे कसे सुटते हे मला कुठल्याही ग्रंथापेक्षा त्या एका शब्दाने अधिक शिकवले.

समोरच्या उडप्याची तऱ्हा वेगळी. तिथे वेळ घालवणे नव्हते. इडली आली, संपली, उठा. माटुंग्याला रामा नायकांनी १९४२ साली सुरू केलेले उडुपी बोर्डिंग जसे केळीच्या पानावरच्या भाताने नावारूपाला आले, तसे आमच्या अण्णांचे नाव राइस प्लेटने झाले. पण मला आठवतात ती तिथली पोरे. दक्षिण कानड्यातून आलेली, दिवसभर टेबले पुसणारी आणि संध्याकाळी कन्नड रात्रशाळेत जाणारी. त्यांतला एक माझ्याच वयाचा. मी खिडकीत बसून अभ्यास करीत असे आणि तो मोरीच्या पायरीवर. तो पुढे बँकेत अधिकारी झाला. अजूनही भेटला की म्हणतो, "तुझ्या घरचा दिवा बंद झाला की मी पुस्तक मिटायचो."

आणि खानावळ! तिची चव जिभेवर असते, पण तिचा हिशेब पोटाशी असतो. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना बाया घरच्या चुलीवर रांधून जेवू घालीत. पैसे महिन्याअखेर मिळायचे, तोवर किराणा सावकाराच्या कर्जावर आणायचा. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापून या बायांना बँकेच्या कर्जाचे दार उघडून दिले. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो लांबतच गेला, गिरण्या थंडावल्या, आणि पंगतीची माणसेच गावाकडे परतू लागली. चुली विझायला वेळ लागला नाही. खानावळ जगते ती वस्तीच्या भुकेवर. वस्ती हलली की तिखटमीठ कितीही चोख असले तरी उपयोग नाही. आमच्या खोताच्या वाडीतल्या 'अनंताश्रमा'ची मासळी खाण्यासाठी लोक दूरदूरहून येत आणि वाढप्याची बोलणी मुकाट ऐकून घेत. तेही मिटले. गिरगावची मंडळी बोरिवली, डोंबिवली, विरारला गेली. त्यांची भूकही लोकलच्या डब्यात बसून त्यांच्याबरोबर गेली.

इथवर मी दुसऱ्यांचे सांगितले. आता स्वतःचे सांगतो, कारण ते सांगावे म्हणूनच लिहायला बसलो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या चाळीचा पुनर्विकास ठरला. माझ्यासारखी माणसे अशा वेळी 'जुनी मुंबई चालली' म्हणून हळहळतात, लेख लिहितात. मीही लिहिले असते. पण माझी आई पंच्याहत्तर वर्षांची आहे. तिचे दोन्ही गुडघे गेलेले; जिना लाकडी, आणि संडास मजल्याच्या टोकाला, सामाईक. पावसाळ्यात रात्री तिला हाताला धरून नेताना मला माझ्या साऱ्या स्मृतिरंजनाची लाज वाटे. मी संमतिपत्रावर सही केली. पहिल्या दहांत माझी सही आहे.

सही करून खाली उतरलो तो नेहमीप्रमाणे पाय इराण्याकडे वळले, आणि दारातच थबकले. आमच्या सह्यांनी त्याचे दुकान जाणार होते. नव्या इमारतीत त्याला जागा मिळणार होती, नाही असे नाही. पण ती पहिल्या मजल्यावर, मागच्या बाजूला. कोपरा नाही, दोन दारे नाहीत, रस्ता नाही. पहिल्या मजल्यावरचा इराणी म्हणजे रूळ नसलेले स्टेशन!

शेटनी गल्ल्यावरून मला पाहिले. "अरे प्रोफेसर, बाहेर का उभे? चहा थंड मिळत नाही आपल्याकडे."

मी बसलो. काय बोलावे सुचेना. शेवटी म्हणालो, "शेट, मी सही केली."

"मालूम आहे," ते म्हणाले. "मी रोज सकाळी इथून बघतो तुमच्या आईला जिन्यावर. तुम्ही सही केली नसती ना, तर मीच तुमच्याशी बोललो नसतो." मग जरा थांबून म्हणाले, "माझा मुलगा कॅनडात. मला पण गुडघे आहेत."

त्या दिवशी त्यांनी चहाचे पैसे घेतले नाहीत. पन्नास वर्षे 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी लावून बसलेला माणूस! मला पैसे देण्यापेक्षा न देणे फार जड गेले.

आठवड्याने त्यांनी मला बोलावले आणि पुठ्ठा पुढे केला. "दुकान बंद होते त्याची पाटी तुम्ही लिहा. मराठीत. चांगल्या मराठीत." वीस वर्षे मुलांना निबंध कसा लिहावा हे शिकवणारा मी दोन रात्री त्या एका पाटीपुढे बसलो. 'समस्त ग्राहकांस कळविण्यात अत्यंत खेद होतो की' येथवर लिहिले आणि फाडले. 'ऋणानुबंध' लिहिले, खोडले. अखेर लिहिले ते एवढेच : 'रविवारी शेवटचा चहा. सर्वांनी यावे.'

शेटनी ते दोनदा वाचले. "उधारीचं लिहिलं नाही?"

"कोणाकडे बाकी आहे?"

"तुमच्या आजोबांकडे," ते हसून म्हणाले. "मस्कापाव. माझे वडील सांगायचे." रविवारी मी ती बाकी चुकती करायला गेलो. त्यांनी चार आणे मागितले. माझ्याकडे चार आण्याचे नाणे कुठले!

आता आम्ही उपनगरात भाड्याच्या जागेत राहतो. आईच्या खोलीपासून मोरी चार पावलांवर आहे आणि ती रात्री एकटी उठू शकते. हे सुख मी कोणत्याही कोपऱ्याच्या बदल्यात परत देणार नाही. गिरगावच्या पोटातून २०२५ च्या ऑक्टोबरपासून कुलाब्याच्या टोकापर्यंत मेट्रो धावते, त्याचाही मला आनंद आहे. आणि माझा मुलगा मोबाइलवर बोट फिरवतो तेव्हा इडली, बिर्याणी, चिनी नूडल्स अर्ध्या तासात दारात येतात; चार नव्हे, चाळीस स्वयंपाकघरे आली. फक्त माणूस येतो तो डोक्यावर हेल्मेट घालून, आणि आपण त्याचा चेहरा पाहण्याच्या आत जिन्याने उतरतो. त्याच्यापाशी मार्क विचारायला वेळ नाही, आणि आम्हांला त्याला 'बसा' म्हणायला सुचत नाही.

म्हणून यंदा एक ठरवले आहे. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झाले की मुलाला घेऊन गिरगावात जायचे, फडके गणपतीचे दर्शन घ्यायचे, आणि तिथून चालत धोबीतलावला. उघडे असेल त्या इराण्याकडे, रिकामे टेबल न शोधता, जिथे आधीच कोणी बसले आहे तिथे बसायचे. यंदा त्याची दहावी आहे. समोरचा कोणी मार्क विचारील कदाचित.

सौभाग्यवतींनी हे वाचले. काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "जाल तेव्हा दोन ब्रून जास्त आणा. आईंना चहात बुडवून आवडतो."

"आईला? तिने कधी खाल्ला?"

"ते तुम्ही त्यांनाच विचारा," असे उत्तर आले.