विश्लेषण : साठेखत झाले, पण मालक खरेदीखत करून देईना! न्यायालय पैसे देणार की घर?

विसार घेतला, साठेखत झाले. मग भाव वाढले आणि मालकाने शब्द फिरवला. अशा वेळी खरेदीदाराला फक्त पैसे परत मिळतात की न्यायालय खरेदीखतच करून द्यायला लावू शकते? या प्रश्नाचे उत्तर २०१८ च्या कायदादुरुस्तीने बरेच बदलले. घर घेणाऱ्यांइतकाच हा बदल दिवाणी न्यायाधीश परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठीही महत्त्वाचा आहे.

समन्यायी दाद म्हणजे काय?

करार मोडला की पैशांत भरपाई, हा इंग्लंडच्या सामान्य न्यायालयांचा जुना नियम. ज्यांचे पैशाने भागत नसे ते राजाकडे दाद मागत आणि त्यांचे अर्ज लॉर्ड चॅन्सेलरकडे जात. त्यातून चॅन्सरी न्यायालय उभे राहिले आणि ‘समन्याय’ म्हणजेच इक्विटीची तत्त्वे रुजली. भारतात ही तत्त्वे आधी १८७७ च्या आणि नंतर १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टमध्ये आली.

करारपूर्ती, मनाई हुकूम, चुकीच्या दस्ताची दुरुस्ती, दस्त रद्द करणे आणि हक्क जाहीर करून देणे हे या दादेचे प्रमुख प्रकार. साठेखताच्या वादात कळीचा मुद्दा असतो तो करारपूर्तीचा.

करारपूर्ती का महत्त्वाची?

समजा, ६० लाखांच्या फ्लॅटचे साठेखत झाले आणि १० लाख विसार दिला. वर्षभरात त्याच फ्लॅटचा भाव ८० लाखांवर गेला. विसार व्याजासह परत मिळाला तरी खरेदीदाराला तेवढ्या पैशांत तसे घर मिळणार नाही. शिवाय मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ नुसार केवळ साठेखताने मालकी मिळत नाही. त्यामुळे मालक अडला, तर न्यायालयाच्या हुकमाने खरेदीखत करून घेणे हाच खरेदीदाराचा मुख्य आधार असतो.

२०१८ मध्ये काय बदलले?

पूर्वी कलम २० नुसार करारपूर्ती हा न्यायालयाच्या विवेकाधिकाराचा भाग होता. करार कायदेशीर आहे, एवढ्यावर तो हुकूम देण्याचे बंधन न्यायालयावर नव्हते. निकाल कोणत्या बाजूने लागेल याचा अंदाज त्यामुळे अवघड होई.

१ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कलम १० ची भाषा बदलली. कलम ११(२), १४ आणि १६ मधील अपवाद सोडले, तर न्यायालयाने करारपूर्ती द्यावीच, असे आता कायदा म्हणतो. जुन्या कलम २० च्या जागी ‘पर्यायी पूर्तता’ आली. समोरच्याने काम केले नाही, तर किमान ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन ते दुसऱ्याकडून करून घेता येते आणि खर्च वसूल करता येतो. मात्र हा मार्ग घेतला की करारपूर्ती मागता येत नाही.

मग खरेदीदार नक्की जिंकणार का?

नाही. कलम १६(क) कायम आहे. करारातील आपला वाटा उचलायला आपण सतत तयार आणि इच्छुक होतो, हे वादीने सिद्ध करावे लागते. ‘तयार’ म्हणजे पैशांची ऐपत. ‘इच्छुक’ म्हणजे व्यवहार पूर्ण करण्याची धडपड, जी वागण्यातून दिसते. बँकेचे उतारे, कर्जमंजुरीचे पत्र आणि मालकाला पाठवलेल्या नोटिसा इथे कामाला येतात.

उशीरही भोवतो. के. एस. विद्यानाडम विरुद्ध वैरवन (१९९७) या खटल्यात ६० हजारांच्या व्यवहारात फक्त ५ हजार विसार देऊन खरेदीदार सुमारे अडीच वर्षे स्वस्थ बसला होता. दावा मुदतीत असूनही सर्वोच्च न्यायालयाने करारपूर्ती नाकारली. हा निकाल विवेकाधिकाराच्या काळातला आहे. पण खरेदीदाराची इच्छा तपासताना त्याच्या वागण्याकडे आजही पाहिले जाते.

मुदत किती?

३ वर्षे. करारात पूर्ततेची तारीख ठरली असेल, तर त्या तारखेपासून. नसेल, तर समोरच्याने नकार दिल्याचे कळल्यापासून. ‘आज करू, उद्या करू’ या आश्वासनांवर विसंबून अनेक दावे मुदतीबाहेर जातात.

दावा सुरू असताना मालकाने घर विकले तर?

म्हणूनच दाव्यासोबत तूर्तातूर्त मनाईचा अर्ज केला जातो. त्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : दाव्यात सकृतदर्शनी तथ्य आहे, मनाई न दिल्यास अर्जदाराची गैरसोय अधिक होईल आणि होणारे नुकसान भरून न येणारे आहे.

राज्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. दावा प्रलंबित असताना झालेली विक्री त्या दाव्याच्या निकालाला बांधील राहते, हा कलम ५२ चा नियम. मात्र मुंबईसह जिथे या कलमाची राज्य दुरुस्ती लागू आहे, तिथे दाव्याची नोटीस निबंधक कार्यालयात नोंदवल्याशिवाय हे संरक्षण मिळत नाही.

दाव्यात आणखी काय मागावे?

कलम २२ नुसार ताबा किंवा विसाराची परतफेड दाव्यात स्पष्टपणे मागावी लागते. मागणीच नसेल, तर न्यायालय ती देत नाही. राहिली असेल, तर दावा दुरुस्त करून घेता येतो. हुकूम मिळाल्यावरही उरलेली रक्कम दिलेल्या मुदतीत भरणे आवश्यक असते. अन्यथा कलम २८ नुसार मालक करार रद्द करण्याची मागणी करू शकतो.

वाद कुठे शिल्लक आहे?

२०१८ पूर्वीच्या करारांना नवी तरतूद लागू होते का, हा प्रश्न कट्टा सुजाता रेड्डी खटल्यात आला. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुढील व्यवहारांनाच लागू असल्याचे म्हटले. मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये पुनर्विलोकनात तो निकालच मागे घेण्यात आला. त्यामुळे परीक्षेत किंवा युक्तिवादात केवळ २०२२ च्या निकालाचा हवाला देणे धोक्याचे आहे.

दुरुस्तीने न्यायालयाचा विवेकाधिकार आकसला आणि शब्द फिरवणाऱ्या मालकाची बाजू कमकुवत झाली. पण पैशांची तजवीज न करता केवळ साठेखत हाती ठेवून बसलेल्या खरेदीदारालाही या कायद्यात सवलत नाही.