दुष्फेन पाणी आणि आरओ

मंडळी, आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी. तोट्यांवर पांढरे थर, साबणाला फेस नाही, तूरडाळ शिजता शिजत नाही. शाळेत याला आम्ही दुष्फेन पाणी म्हणत असू. हल्ली उपाय एकच, घरोघरी आरओ! मला हे पटत नाही.

अहो, आरओ बसतो ओट्यावर आणि कॉइल जळते न्हाणीघरातल्या गीझरची! पाणी तापलं की त्यातल्या कॅल्शियम बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं. चुनखडीच ती. कॉइलवर तिचा थर बसला की उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, वीज जास्त जाते, आणि एक दिवस कॉइल जाते. गीझर पंचावन्न-साठ अंशांवर ठेवावा, वर्षातून एकदा टाकी साफ करून घ्यावी. किटलीला लिंबाचं फूल पुरतं.

विक्रेता मीटर बुडवतो आणि आकडा दाखवून घाबरवतो. तो आकडा सगळ्या क्षारांचा, निव्वळ कठीणपणाचा नव्हे. आयएस १०५०० (२०१२) या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. कॅल्शियम म्हणजे काही विष नव्हे. प्रयोगशाळेच्या तपासणीत नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त निघालं, तर गोष्ट वेगळी. तिथे आरओ जरूर घ्या.

पण उन्हाळ्यात टँकर मागवायचा आणि आरओच्या नळीतून निम्म्याहून जास्त पाणी गटारात सोडायचं? आमच्या सूनबाई ते बादलीत धरतात, फरशीला वापरतात.