कसोटी मालिकेचे भाकीत का चुकते?

रावेर : कसोटी मालिकेचा कार्यक्रम जाहीर झाला, की चहाच्या टपरीवरील क्रिकेटरसिकापासून दूरचित्रवाणीवरील माजी खेळाडूपर्यंत प्रत्येकाचा निकाल आधीच ठरलेला असतो. मालिका मायदेशी असेल तर भारताच्या विजयाविषयी कोणाला शंका नसते. प्रश्न उरतो तो केवळ फरकाचा. गेल्या काही वर्षांत मात्र या आत्मविश्वासाला जबर धक्के बसले आहेत.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूझीलंडचा संघ भारतात आला, तेव्हा भाकीत करणे सोपे वाटत होते. भारताने २०१२-१३ च्या इंग्लंडविरुद्धच्या पराभवानंतर मायदेशी सलग १८ मालिका जिंकल्या होत्या. पाहुणे श्रीलंकेत ०-२ असे हरून आले होते आणि केन विल्यमसन संघात नव्हता. प्रत्यक्षात बंगळूरला भारताचा डाव ४६ धावांत आटोपला, पुण्यात मिचेल सँटनरने १३ बळी घेतले आणि मुंबईत १४७ धावांचे लक्ष्य असताना भारत १२१ धावांत गारद झाला. मालिका ०-३ अशी गेली.

हा अपघात होता असे म्हणावे, तर २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये कोलकात्यात १२४ धावांचा पाठलाग करताना भारत ९३ धावांत बाद झाला. सायमन हार्मरने त्या सामन्यात आठ बळी टिपले. पुढे गुवाहाटीतही दक्षिण आफ्रिकेने ४०८ धावांनी विजय मिळवला आणि मालिका २-० अशी खिशात घातली.

या पराभवांमागे सर्वच ठिकाणी एकच कारण नव्हते. बंगळूरच्या ढगाळ हवेत वेगवान गोलंदाजांनी घात केला, तर गुवाहाटीची खेळपट्टी आरंभी फलंदाजीला अनुकूल होती. पुणे, मुंबई आणि कोलकाता येथे मात्र चेंडू लवकर वळू लागला. अशा खेळपट्टीवर यजमानांच्या निष्णात फिरकीपटूंइतकाच पाहुण्यांचा फिरकीपटूही घातक ठरतो. सामना लहान होतो, दोन संघांमधील अंतर घटते आणि नाणेफेकीला अवास्तव महत्त्व येते. अनुकूल म्हणून मागितलेली खेळपट्टीच आपला वरचष्मा पुसून टाकते. जुन्या विजयांची बेरीज करणाऱ्या भाकितात ही गोष्ट धरलेली नसते.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. २०२० च्या डिसेंबरमध्ये ॲडलेडला भारत ३६ धावांत बाद झाला आणि विराट कोहली मायदेशी परतला, तेव्हा अनेकांनी ४-० चा निकाल लिहून टाकला होता. मेलबर्नला अजिंक्य रहाणेने शतक ठोकले, सिडनीचा सामना वाचवला गेला आणि १९८८ पासून ऑस्ट्रेलिया जेथे हरला नव्हता, त्या ब्रिस्बेनच्या मैदानावर नवख्या गोलंदाजांनी वीस बळी मिळवले. मालिका २-१ अशी भारताची झाली.

रावेर परिसरातील केळी उत्पादकाला हा न्याय नवा नाही. लागवडीच्या वेळी तो उत्पादनाचा अंदाज बांधतो. पण मे-जूनच्या वादळी वाऱ्यात उभी बाग आडवी होऊ शकते, हेही तो गृहीत धरतो. म्हणून अंदाज चुकला तरी तो झाडाला दोष देत नाही. क्रिकेटरसिक मात्र नेमके तेच करतो. भाकीत त्याचे चुकते आणि राग निघतो तो खेळाडूंवर. सामना हरताच कर्णधार बदला, अमक्याला घरी बसवा, अशी हाकाटी सुरू होते.

भाकिते करूच नयेत असे नव्हे; खेळाची निम्मी गंमत त्यांतच आहे. मात्र निकाल सांगण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : वीस बळी घेणारे गोलंदाज कोणाकडे आहेत, खेळपट्टी किती दिवस टिकेल आणि प्रमुख खेळाडू तंदुरुस्त आहेत काय. चौथी गोष्ट स्वतःला विचारायची. आपण सांगतो आहोत तो अंदाज आहे, की आपली इच्छा?