फटीचा हिशेब

भोसरी, चाकण, शिरोली, सातपूर, कुठल्याही एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये जा आणि टेबलावर पसरलेलं ड्रॉइंग बघा. खाली उजवीकडच्या टायटल ब्लॉकमध्ये बहुधा एकच ओळ सापडेल: टॉलरन्स न दिलेल्या मापांसाठी आयएसओ २७६८, मध्यम वर्ग. हे मानक मुख्यतः मशिनवर कापून-घासून तयार होणाऱ्या भागांसाठीचं. दीड मीटरच्या मापाला ते अधिक-उणे १.२ मिमी देतं. वेल्डिंगच्या बांधणीसाठी आयएसओ १३९२० हे वेगळं मानक आहे. त्याच्या ‘बी’ वर्गात त्याच मापाला अधिक-उणे ४ मिमी मिळतात, ‘सी’ वर्गात ८. जुन्या फाइलमधला टायटल ब्लॉक तसाच उचलला की फॅब्रिकेटरच्या गळ्यात तिप्पट-चौपट कडक अट पडते. ती ना ग्राहकाने मागितलेली असते, ना त्या मशिनला तिची गरज असते.

वेल्ड फुटला की आपण वेल्डरला धरतो. माझं म्हणणं असं की अशा पुष्कळ दोषांचं मूळ ड्रॉइंगवर असतं आणि वेल्डरच्या हाती ते फट बनून येतं.

वितळलेलं पोलाद थंड होताना आक्रसतं आणि आजूबाजूच्या प्लेटला ओढून घेतं. ‘जॉब ओढला’ असं शेडमध्ये म्हणतात ते हेच. ठोकताळा असा की फिलेटच्या आडव्या दिशेने एका वेल्डमागे पाऊण मिमीच्या आसपास आणि साठ अंशांच्या ‘व्ही’ बट जोडामागे दीड ते तीन मिमी माप कमी होतं. म्हणजे लांबीत तीन बट जोड असलेली बीम साडेचार ते नऊ मिमी आखूड होणार. जाणता फिटर हे धरूनच माप वाढवून कापतो. पण किती वाढवायचं हे ड्रॉइंगवर नसतं, ते त्याच्या डोक्यात असतं, आणि तो दुसऱ्या कंपनीत गेला की त्याच्याबरोबर जातं.

आता एक जोड जवळून बघू. बेसप्लेटवर उभी पट्टी, दोन्ही बाजूंनी ६ मिमीचा फिलेट. प्लेट गॅसने कापलेली, कड थोडी वाकडी. फिटर गुण्या लावतो. एका टोकाला पट्टी टेकलेली, दुसऱ्या टोकाखाली ३ मिमीची फट. ६ मिमी पायाच्या फिलेटची परिणामकारक जाडी, म्हणजे थ्रोट, ४.२ मिमी धरतात. फट ३ मिमी असेल तर पट्टीच्या अंगावर चढलेला खरा पाय ३ मिमीच उरतो आणि थ्रोट हिशेबाला २.१ मिमी येतो. ताकद निम्मी झाली. बाहेरून मात्र वेल्ड गुळगुळीत, आणि गेज लावलं तर सहाच दाखवतं, कारण गेज बेसप्लेटपासून मोजतं. आतली फट त्याला कळत नाही. फिलेटचा एक्स-रे काढूनही यातलं फारसं काही हाती लागत नाही. ही फट पकडायची वेळ एकच, टॅक मारल्यावर आणि वेल्डिंग सुरू होण्याआधी.

अमेरिकी वेल्डिंग संहिता डी१.१ यावर स्पष्ट आहे. फट २ मिमीपर्यंत असेल तर चालवून घ्या. त्यापुढे ५ मिमीपर्यंत जेवढी फट तेवढा फिलेटचा पाय वाढवा, किंवा हवा तो थ्रोट मिळतो हे दाखवून द्या. खूप जाड प्लेट सोडल्या तर त्याहून मोठी फट चालत नाही. या सवलतीची किंमतही बघा. ३ मिमी फटीसाठी सहाचा पाय नऊ करायचा तर वेल्ड मेटल सव्वादोन पट लागतं. तेवढी उष्णता जास्त, तेवढी ओढ जास्त, आणि पुढच्या जोडाची फट आणखी मोठी. म्हणून मला पट्टी उतरवून कड ग्राइंड करणारा फिटर ‘भरून टाक’ म्हणणाऱ्या सुपरवायझरपेक्षा शहाणा वाटतो. सळीचा तुकडा फटीत कोंबून वरून वेल्डचा थर देणं हा तर गुन्हाच आहे, आणि तो घाईच्या डिस्पॅचच्या रात्री घडतो.

‘हा काही मुख्य जोड नाही’ हे वाक्यही मला भीतीदायक वाटतं. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क तेलक्षेत्रात ‘अलेक्झांडर किलँड’ हा तरंगता निवासी प्लॅटफॉर्म वादळात उलटला. २१२ माणसांपैकी १२३ गेली. चौकशी जाऊन थांबली ती एका फिलेट वेल्डपाशी. एका ब्रेसला भोक पाडून त्यात हायड्रोफोनचा नळीसारखा आधार बसवला होता, ६ मिमीच्या फिलेटने. त्या वेल्डचा आकार वाईट होता. तुटलेल्या पृष्ठावर रंगाचे अंश सापडले, म्हणजे तडा रंगकामाच्या आधीपासूनच होता. तिथून थकव्याची भेग वाढत ब्रेस तुटली, पाठोपाठ बाकीच्या ब्रेस गेल्या आणि एक खांब निखळला. एका उपकरणाच्या आधाराचा तो जोड; भार पेलणाऱ्या सांगाड्याइतकं लक्ष त्याच्या वाट्याला आलं नव्हतं.

डिझायनरकडून मागणी मोठी नाही. जिथे मशिन बसणार ते पॅड जाड ठेवून वेल्डिंगनंतर मिल करायला सांगा, भोकं वेल्डिंगनंतर पाडा, आणि कडक टॉलरन्स फक्त तिथे लिहा. बाकी सांगाड्याला आयएसओ १३९२० चा वर्ग द्या. पोलादी इमारतींसाठी आपल्याकडे आयएस ७२१५ हे १९७४ पासून आहेच. रूट गॅप ‘३ मिमी’ असा एकच आकडा न लिहिता ‘२ ते ४’ लिहा. एकच आकडा कोणत्याही शेडमध्ये दोन मीटर लांबीभर टिकत नाही. आणि सहा तुकडे एका ओळीत जोडायचे असतील तर प्रत्येकाची दोन-दोन मिमी चूक एकाच बाजूला साठली तर शेवटच्या जोडाला काय उरतं, हे कागदावर एकदा करून बघा.

दराचा प्रश्न मात्र डिझायनरच्या हातात नाही. फॅब्रिकेशनचं पुष्कळ काम आजही किलोच्या दराने दिलं जातं. अडीच तास खर्चून फट अर्ध्या मिमीवर आणली तरी जॉबचं वजन एक ग्रॅमही वाढत नाही. फट भरून टाकली तर उलट थोडं वाढतं. परचेस खात्याने ऑर्डरमध्ये फिटअपच्या तपासणीची ओळ वेगळी घालावी, तिचे पैसे वेगळे द्यावेत, आणि टॅक झालेला जॉब इन्स्पेक्टरने फीलर गेजने फट मोजून सही केल्याशिवाय वेल्डरकडे जाऊ देऊ नये.